तासाला पावणेतीन डॉलर

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

"वीस मिनिटं, विषय तुमच्या आवडीचा," असं कार्यकारिणीनं मला सांगून ठेवलं होतं. मी विषय कळवला आणि फोनवर पलीकडून काही ऐकूच येईना. मग हळूच प्रश्न आला, "कोरियन नटी? ताई, सुलोचनाबाई किंवा स्मिता पाटील, असं काही नाही का?" त्या दोघींवर बोलायला मला कधीही बोलवा. पण त्यातली कुणी आपल्या खाडीपलीकडं राहायला नव्हती. यून यो-जंग होती.

इथून पूल ओलांडला की आपल्या फ्लोरिडातलंच सेंट पीटर्सबर्ग. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ही बाई नवऱ्याबरोबर तिथं आली. नवरा गायक, इकडं धर्मशास्त्र शिकायला आलेला. ती सोलमधली गाजलेली नटी, पण हे इथं कुणाला माहीत असणार? घर, स्वयंपाक, दोन मुलगे. पुढं सुपरमार्केटच्या काउंटरवर नोकरीही केली. मजुरी तासाला २.७५ डॉलर, हे तिनंच मुलाखतीत सांगितलंय. पावणेतीन डॉलर! हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत नीट सरसावून बसले.

कारण मीही काउंटरवर उभी राहिलेय. एम.एस्सी. केमिस्ट्रीचं सर्टिफिकेट बॅगेत घेऊन मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, त्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ग्रीन कार्ड आलं तोवर केमिस्ट्री विसरले होते. मग "कागदी पिशवी की प्लास्टिकची?" हा प्रश्न दिवसातून चारशे वेळा विचारायची नोकरी. आत्ता समोर हसताय त्यातल्या निम्म्या जणींनी हेच केलंय, मला माहितीये.

तर ही बाई कोण, ते आधी सांगते. जन्म १९ जून १९४७, गाव केसाँग. ते गाव तेव्हा ३८ व्या अक्षांशाच्या दक्षिणेला होतं. कोरियन युद्ध झालं, १९५३ ला युद्धबंदी झाली आणि गाव उत्तर कोरियात गेलं. म्हणजे जन्मगावी परत जायची सोय नाही. वडील लवकर गेले, आईनं वाढवलं. सोलच्या हानयांग विद्यापीठात कोरियन साहित्य घेतलं होतं, पण फीचे वांधे. टीव्ही स्टेशनवर कार्यक्रमाला आलेल्या प्रेक्षकांना बक्षिसं वाटायचं सुटीतलं काम मिळालं. तिथं कुणीतरी म्हणालं, नट-नट्यांची परीक्षा आहे, देऊन बघ. १९६६ साली टीबीसी या वाहिनीत निवड झाली आणि शिक्षण तिथंच सुटलं. कलेची ओढ, बालपणापासून आरशासमोर अभिनय, असं यात काही नाही. फी भरायची होती, एवढंच.

१९७१ हे साल मात्र जोरदार गेलं. टीव्हीवर तिनं जांग ह्यी-बिन केली. ही कोरियन इतिहासातली बदनाम राणी, राजाच्या मर्जीतली. लोकांना तिचा इतका राग आला की शीतपेयाच्या पोस्टरवर तिचं चित्र होतं, त्याच्या डोळ्यांना भोकं पाडली गेली. आपल्याकडं निळूभाऊ फुल्यांना गावोगावच्या बायका शिव्या घालायच्या, तसलाच प्रकार. त्याच वर्षी पहिला सिनेमा 'ह्वान्यो', इंग्रजीत 'वुमन ऑफ फायर'. दिग्दर्शक किम की-यंग. हे गृहस्थ शिक्षणानं दंतवैद्य आणि सिनेमे असे काढायचे की दाढ काढलेली परवडली. १९६० साली त्यांनी 'हान्यो', म्हणजे मोलकरीण, हा सिनेमा केला होता, त्याचीच ही नवी आवृत्ती. खेड्यातली पोरगी कोंबड्या पाळणाऱ्या एका घरात कामाला येते आणि ते घर हळूहळू जळायला लागतं. विशीतली यो-जंग त्यात जी दिसते ना, भोळी, हट्टी, मधूनच अंगावर काटा आणणारी, ते पन्नास वर्षांनीही जुनं वाटत नाही. स्पेनच्या सितगेस महोत्सवात आणि कोरियाच्या ब्लू ड्रॅगनमध्ये उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक. दिग्दर्शक तेव्हा तिला विचित्र वाटायचे. त्यांनी आपल्याला काय दिलं हे आपल्याला साठीच्या आसपास कळलं, असं ती पुढं म्हणाली.

आणि एवढं सगळं झाल्यावर लग्न, आणि फ्लोरिडा.

१९८४ ला ती कोरियात परतली, १९८७ ला घटस्फोट झाला. चाळिशीची बाई, पदरी दोन मुलगे, मधली दहाएक वर्षं पडद्यावरून गायब. आणि ऐंशीच्या दशकातलं सोल! घटस्फोटित बाई म्हणजे कपाळावर शिक्का. असली बाई टीव्हीवर कशाला, तिचा आवाजही चांगला नाही, अशा तक्रारी यायच्या. परत फ्लोरिडाला जाऊन तेच पावणेतीन डॉलरचं काम धरावं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. गेली नाही. मिळेल ते काम घेत राहिली. कुणाची आई, कुणाची सासू, चार वाक्यांची शेजारीण. नटाला पैशाची निकड असते तेव्हा तो सगळ्यात चांगलं काम करतो, हे तिचं मत आहे आणि ते ती टीव्हीवर सरळ सांगते.

मला ती आवडायला लागली ती इथं. आपण आईच्या कष्टांवर बोलायला लागलो की लगेच 'त्याग' म्हणतो आणि हार घालून मोकळे होतो. ही तो शब्द वापरतच नाही. बिलं होती, मुलांची फी होती, म्हणून काम केलं, असं सांगते. २००३ मध्ये सिनेमात परतली, इम सांग-सू यांच्या 'अ गुड लॉयर्स वाइफ'मध्ये. नवरा मरणाच्या दारात असताना स्वतःचं प्रेमप्रकरण उघडपणे मांडणारी सासू. आपल्याकडं ही भूमिका कुणाच्या गळ्यात मारली असती तर तिनं आधी देवाला कौल लावला असता. हिनं का घेतली? घराची दुरुस्ती काढली होती, पैसे कमी पडत होते!

पुढं त्याच दिग्दर्शकानं २०१० मध्ये 'हान्यो' नव्यानं केला. त्यात दोन मोलकरणी आहेत, एक तरुण, एक म्हातारी. चाळीस वर्षांपूर्वी त्याच कथेतली तरुण मोलकरीण झालेली यो-जंग आता म्हातारी मोलकरीण झाली. श्रीमंतांच्या घरात जन्म गेलेली, सगळं पाहिलेली, वाइनचा उरलेला घोट चोरून घेणारी. सिनेमा कानला स्पर्धेत होता. मला विचाराल तर सिनेमा थोडा चकचकीतच आहे, पण ती दिसली की बाकीचं काही बघवत नाही.

साठी उलटल्यावर तिनं ठरवलं की आता चैन करायची. तिची चैन काय? पैसे किती ते न बघता, आवडतील त्याच माणसांबरोबर काम करायचं. त्या चैनीत तिनं २०१६ साली 'द बाकस लेडी' केला. सोलच्या बागांमध्ये म्हाताऱ्या पुरुषांना बाकस नावाच्या शक्तिवर्धक पेयाची बाटली विकायच्या निमित्तानं शरीर विकणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतात, त्यातली एक. ज्या देशाची श्रीमंती आपण फोनवर आणि गाड्यांवर बघतो, त्या देशातल्या म्हातारपणाचा हा सिनेमा. मुलांना घेऊन बघू नका, पण बघा.

आणि मग 'मिनारी'. बहुतेकांनी पाहिलाय, पण न पाहिलेल्यांसाठी सांगते. साल १९८३. कोरियन जोडपं दोन मुलांना घेऊन अर्कान्सासच्या माळावर शेती करायला येतं. मुलं सांभाळायला बाईची आई कोरियाहून येते. गंमत बघा, सिनेमातली आजी अमेरिकेत येते साधारण त्याच सुमाराला खरी यो-जंग अमेरिका सोडून निघाली होती.

आजी आल्या आल्या सामान उघडते. पुड्यातून लाल तिखट निघतं, सुकी मासळी निघते, आणि लेकीचे डोळे भरतात. आजी म्हणते काय, मासळी बघून रडतेस होय? मी हा प्रसंग पाहिला आणि टीव्ही थांबवला. माझी आई सांगलीहून पहिल्यांदा आली तेव्हा विमानतळावर कस्टमच्या माणसानं गोड्या मसाल्याची पिशवी हातात धरून "हे काय?" विचारलं होतं. आईला इंग्रजी येत नाही. तिनं पिशवीची गाठ सोडली आणि त्याच्या नाकाखाली धरली. तो शिंकला आणि हातानंच जा म्हणाला. घरी येऊन तिनं ती पिशवी ओट्यावर ठेवली, आणि मी तिला नमस्कार करायच्या आधी पिशवीचा वास घेतला. आई अजून बोलून दाखवते.

सिनेमातला नातू म्हणतो, तू खरी आजी नाहीस. खऱ्या आजीला बिस्किटं भाजता येतात, ती शिव्या देत नाही, पुरुषांच्या चड्ड्या घालत नाही. ही आजी पत्ते कुटते, टीव्हीवर कुस्ती बघते. चेस्टनट स्वतःच्या दातांनी चावून नातवापुढं धरते. ती चेस्टनटची कल्पना यो-जंगनंच सुचवलेली. दिग्दर्शक ली आयझॅक चंग यांनी ही गोष्ट स्वतःच्या लहानपणावरून लिहिलीय, म्हणून तिनं त्यांना आधीच विचारलं होतं, "तुमच्या आजीची नक्कल करू का?" ते म्हणाले, "नको, तुम्हाला वाटेल तसं करा." तेवढ्यावर तिनं ठरवलं, या माणसाबरोबर काम करायचं.

चित्रीकरण ओक्लाहोमात, टल्साजवळ, २०१९ च्या उन्हाळ्यात, २५ दिवसांत. पैसा बेताचा. यो-जंग आणि सिनेमातली तिची लेक हान ये-री एका भाड्याच्या घरात राहायच्या. संध्याकाळी बाकीचे तिथंच जेवायला जमायचे आणि संवादांची डागडुजी त्याच टेबलावर व्हायची. उकाडा, भात, कागद. आपल्या मंडळाच्या नाटकाच्या तालमी आठवा.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. युद्धानंतर पाण्याची टंचाई होती. तिची पणजी एकच पाणी पुन्हा पुन्हा वापरायची. लहानग्या यो-जंगला किळस यायची, ती पणजीला घाणेरडी समजायची, नीट वागायची नाही. 'मिनारी'च्या वेळी तिला ती पणजी आठवत होती. इथं बसलेल्यांत ७२ चा दुष्काळ पाहिलेले आहेत. आमची आजी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी बुडवायची आणि तेच पाणी मग तुळशीला. आम्ही नाकं मुरडायचो. म्हणून सिनेमातली आजी ओढ्याकाठी मिनारी या कोरियन पालेभाजीचं बी पेरते, आणि मिनारी कुठंही येते, गरीब-श्रीमंत कुणीही खावी म्हणते, तेव्हा यो-जंगच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला मी अभिनय म्हणायला तयार नाही. तो चेहरा बघा फक्त.

'मिनारी'साठी मिळालेल्या सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करचं तुम्हाला माहीत आहेच, म्हणून पटकन सांगते. २५ एप्रिल २०२१, करोनामुळं लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात समारंभ, वय ७३. अभिनयाचं ऑस्कर मिळालेली पहिली कोरियन. आशियाई बाईला ते त्याआधी एकदाच मिळालं होतं, जपानच्या मियोशी उमेकी यांना, १९५८ च्या समारंभात. पुतळा द्यायला ब्रॅड पिट. त्याच्या कंपनीनं सिनेमाची निर्मिती केली होती. ही म्हणते, भेटलात एकदाचे, आम्ही टल्सात काम करत होतो तेव्हा कुठं होता? मग तिच्या नावाची जगभर जी वाट लागते त्यावर म्हणाली, आज रात्री तुम्हा सगळ्यांना माफ केलं. माझ्या आडनावात 'ळ' आहे. तीस वर्षं दवाखान्यात नाव पुकारलं की मी नुसत्या शांततेवरून ओळखते, माझा नंबर आला. मी त्या रात्री कुणालाही माफ केलं नाही, पण हसले भरपूर. मुलांचे आभार मानले तेही कसे, तर यांनीच मला घराबाहेर कामाला ढकललं म्हणून! आणि किम की-यंग यांची आठवण काढली. ते १९९८ मध्येच गेले होते.

नंतर कुणा पत्रकारानं विचारलं, ब्रॅड पिटचा वास कसा होता? म्हणाली, मी हुंगलं नाही, मी कुत्रा नव्हे.

पण माझ्या आवडीचं तिचं वाक्य वेगळंच आहे. कोरियन पत्रकारांनी त्याच दिवशी विचारलं, हा तुमचा सर्वोच्च क्षण का? कोरियनमध्ये 'चोएगो' म्हणजे सर्वोच्च, अव्वल. ती म्हणाली, मला तो शब्द आवडत नाही. आपण सगळे 'चोएजुंग' होऊन राहिलो तर नाही का चालणार? असा शब्द कोरियनमध्ये नाही, तिनं तो तिथंच जुळवला. अव्वलसारखा 'मधला'. स्पेलिंग बीच्या स्पर्धेला पोरांना चार-चार तास गाडीतून नेणाऱ्या आपल्यासारख्यांसमोर मी हे मुद्दाम सांगतेय. माझ्याकडं असं बघू नका, मीही नेलंय.

आता एकच सांगते आणि मग तुम्ही तिळगुळाकडं मोकळे. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, प्रथेप्रमाणं सहायक अभिनेत्याचं ऑस्कर द्यायला तिला बोलावलं. नामांकनं वाचण्याआधी म्हणाली, आई सांगायची, पेरावं तसं उगवतं. गेल्या वर्षी मी माझ्या नावावरून तुम्हाला बोलले, आता ही नावं उच्चारताना माझी बोबडी वळतेय. पाकीट उघडलं. आत नाव ट्रॉय कोटसूर यांचं. ते कर्णबधिर आहेत. तिनं नाव तोंडानं उच्चारण्याआधी हातांनी खूण केली. ते वर आले, तिनं पुतळा दिला. आता त्यांचं बोलणं हातांचं, आणि हातात हा जड पुतळा. ती तिथंच थांबली होती. तिनं पुतळा परत स्वतःकडं घेतला आणि बाजूला उभी राहिली. त्यांचं भाषण संपेपर्यंत, पंचाहत्तरीला टेकलेली बाई दुसऱ्याचं ऑस्कर सांभाळत, त्यांच्या बोटांकडं बघत उभी होती.