शब्दाच्या आधी हात

मंडळी, सुरुवातीलाच एक काम करा, हातातला मोबाईल, पेन, पिशवी जे काय असेल ते मांडीवरनं खाली ठेवा आणि शेजारच्याला सांगा की आज तुम्ही घरातनं इथपर्यंत कसं आलात. दोनच मिनिटं.

झालं? आता मी वरनं काय बघितलं ते सांगते. होटगी रोडवरनं आलेल्या त्या ताई सात रस्त्यापाशी आल्या आणि त्यांचा हात आपोआप वळला, तोंडातनं 'तिथनं वळले' हा शब्द नंतर आला. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. आज मला एवढंच सांगायचंय की हातवारे बाहेरनं आणून बोलण्याला चिकटवायचे नसतात, ते आधीपासनंच आत असतात, आपणच त्यांना दाबून धरतो.

माझे वडील इथंच सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला होते. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा दारातच त्या खडखडाटानं छातीत धडधडायचं, कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. शेजारच्या मागावरचे काका घरी तेलुगू बोलायचे, जॉबर म्हणजे मागांवर देखरेख करणारा, तो कन्नड, आम्ही मराठी, पण आत भाषेचा प्रश्नच यायचा नाही. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला, मूठ फिरवली की धाग्याची कांडी संपली. पण खरी गोष्ट वेगळीच होती, काका आधी नुसता हात वर करायचे आणि वडील बघेपर्यंत थांबायचे, नजर मिळाली की मगच सांगायचे. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं, कारण स्टेजवर आपण नेमकं तेच विसरतो, समोरचा बघतोय का नाही याची वाट न बघता हात हलवत सुटतो.

अर्थात मागावरचे हात शब्दाच्या जागी होते. आपण बोलताना हात शब्दाच्या सोबत असतात, ते काम निराळं. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी आयुष्यभर हाच अभ्यास केला, 1992 साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी मांडलं की बोलणं आणि हात हे दोन्ही एकाच विचारातनं निघतात. आणि 1998 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक संशोधन आलं, जन्मापासनं अंध असलेली मुलं, ज्यांनी कधी कुणाचा हात हललेला बघितला नाही, तीसुद्धा बोलताना हात हलवतात, समोरचा माणूस पण अंध आहे हे माहीत असताना सुद्धा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ पुस्तक मिटून बसले होते. म्हणजे हात फक्त ऐकणाऱ्यासाठी नसतो, बोलणाऱ्याला विचार करायला पण तो लागतो. गणित समजावून सांगताना हात मोकळे असले तर त्याच वेळी डोक्यात दुसरं काही जास्त लक्षात राहतं, हे सुद्धा तपासून बघितलेलं आहे. मग विचार करा, वर्गात पोरांना 'हाताची घडी तोंडावर बोट' म्हणत आपण काय काय बंद करून टाकलं, मी पण तीस वर्षं तेच म्हणत आले, आता त्याचं वाईट वाटतं.

आता कामाचं सांगते. हात शब्दाच्या किंचित आधी किंवा बरोबर यायला पाहिजे, नंतर नाही. 'मोठं संकट आलं' म्हणून झालं आणि मग हात पसरले की ते पाठ केलेलं वाटतं, लोकांना कारण कळत नाही पण खोटं आहे एवढं लगेच कळतं. म्हणून आरशासमोर हात बसवू नका, त्यापेक्षा जे सांगायचंय ते डोळ्यासमोर आणा. बचत गटाच्या एक ताई होत्या, बँकेत कर्जासाठी बोलायचं होतं, हात पदराखाली आणि आवाज घशात. मी म्हटलं कर्जाचं राहू द्या, कडक भाकरी कशी करता ते सांगा. अहो, पीठ मळल्यापासनं थापून तव्यावर टाकेपर्यंत दोन्ही हात बोलायला लागले, भाकरी किती पातळ पाहिजे ते चिमटीत दाखवलं, आणि आवाज पण मोकळा झाला. मग त्याच दमात म्हटलं, आता रोजच्या किती होतात आणि किती करायच्यात ते सांगा.

दुसरं डावं-उजवं. 'पूर्वी असं होतं, आता असं आहे' हे दाखवताना आपण पूर्वीसाठी डावा हात धरतो, पण समोरच्याला ते उलटं दिसतं. त्यामुळं तोंड त्यांच्याकडं असेल तर पूर्वीचं आपल्या उजवीकडं ठेवा आणि आताचं डावीकडं न्या. यात अजून एक गंमत आहे, काळाची ही दिशा वाचण्यावरनं येते, डावीकडनं उजवीकडं वाचणारे काळ तसा मांडतात आणि अरबी वाचणारी मुलं उजवीकडनं डावीकडं मांडतात असं अभ्यासात दिसलंय. आपल्या सोलापुरात उर्दू शाळा आहेत, तिथं शिकवणाऱ्यांनी हे जरूर करून बघा आणि मला सांगा. आणि एकदा जागा ठरली की मोडू नका, कापसाचा भाव उजवीकडं ठेवलाय तर पुढच्या वाक्यात तो डावीकडं जाता कामा नये.

मोजताना पेरं मोजू नका, जपाला ठीक आहे, मागच्या रांगेला अंगठा कुठल्या पेरावर आहे ते दिसत नाही. उघडी बोटं दाखवा, छातीच्या उंचीला. माणसाकडं एक बोट रोखू नका, पूर्ण तळवा करा. आणि सारखं हलवायचं पण नाही, हात खाली सोडून दिलेला असला की मगच वर आलेला दिसतो.

नृत्य शिकलेल्यांना ते वचन पाठ असेल, 'यतो हस्तस्ततो दृष्टिः', जिथं हात तिथं नजर. बोलताना पण तसंच आहे, महत्त्वाच्या ठिकाणी आपण स्वतः क्षणभर आपल्या हाताकडं बघितलं की ऐकणारे पण तिकडं बघतात. सारखं केलं तर मात्र नजरेला नजर राहत नाही.

माईक एक हात खातो, म्हणून ज्या हातानं लिहिता तो मोकळा ठेवा. चला, पहिल्या रांगेतनं कुणीतरी वर या, माईक दुसऱ्या हातात घ्या आणि आम्हाला घरचा रस्ता सांगा.