चार निर्णायक सामने आणि नऊ गुण: रसेल थोर की चेंबरलेन?

नमस्कार, श्रोतेहो.

बास्केटबॉलचे चार चाहते एकत्र बसले की बोलणे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: सर्वांत थोर खेळाडू कोण? आजच्या तरुणांच्या तोंडी मायकल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स ही नावे असतात. परंतु त्या वादात दोन्ही बाजूंनी जे मुद्दे मांडले जातात, ते जवळजवळ सगळे साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि बॉस्टन या शहरांच्या चाहत्यांनी विल्ट चेंबरलेन आणि बिल रसेल यांच्याविषयी भांडताना मांडून ठेवलेले आहेत. एकाच्या बाजूने आकडे बोलत होते, दुसऱ्याच्या बाजूने विजेतेपदे. आज मी त्या मूळ वादाविषयी बोलणार आहे आणि माझा कौलही देणार आहे, कारण ‘दोघेही आपापल्या परीने थोर’ असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारणे मला पटत नाही.

दोघेही सेंटर या जागेवर, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ खेळत. चेंबरलेनची उंची सात फूट एक इंच होती आणि रसेल त्याच्यापेक्षा तीन-चार इंचांनी कमी होता. नेम चुकल्यावर फळ्यावरून किंवा कडीवरून उसळणारा चेंडू ताब्यात घेणे, ज्याला रिबाउंड म्हणतात, हे दोघांचेही मुख्य काम होते आणि त्यात दोघांच्या तोडीचा तिसरा कोणी नव्हता.

आकड्यांच्या बाबतीत चेंबरलेनच्या जवळपास फिरकणारा खेळाडू आजतागायत झालेला नाही. १९५९ मध्ये तो आपल्याच शहराच्या, फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या संघातून एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, उतरला आणि पहिल्याच हंगामात सामन्यागणिक सरासरी ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड मिळवून नवोदिताचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा असे दोन्ही पुरस्कार घेऊन गेला. १९६१-६२ च्या हंगामात त्याने ८० सामन्यांत ४,०२९ गुण केले, म्हणजे सरासरी ५०.४. सामना ४८ मिनिटांचा असतो. त्या हंगामात त्याची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटे होती, कारण बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्यांतही तो बाहेर बसत नसे. १९६४ मध्ये बास्केटखालच्या पट्ट्याची रुंदी बारा फुटांवरून सोळा फुटांवर नेण्यात आली. हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूला त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, आणि एका माणसाला बास्केटपासून थोडे दूर ढकलावे हाच त्या बदलामागचा मुख्य हेतू होता.

१९६१-६२ च्या त्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावात त्याने न्यू यॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४ आणि त्या सामन्याची चित्रफीत नाही. उरले आहे ते शेवटच्या सत्राचे बिल कॅम्पबेल यांचे रेडिओ समालोचन, आणि रेडिओवरून बोलताना मला त्याचा विशेष अभिमान वाटतो. त्या अखेरच्या मिनिटांत खेळाचे नेहमीचे रूप उरले नव्हते. चेंबरलेनच्या हाती चेंडू जाऊ नये म्हणून निक्सचे खेळाडू त्याच्या सहकाऱ्यांवर मुद्दाम फाउल करत होते आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही उलट फाउल करत होते. त्या रात्रीची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद मात्र वेगळीच आहे. ज्या खेळाडूचे कारकिर्दीत जेमतेम निम्मे फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकी, बास्केटमध्ये गेले, त्याने त्या दिवशी ३२ पैकी २८ टाकले. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी चेंडू धरून, गुडघे वाकवून, खालून वर अलगद सोडण्याची पद्धत वापरत होता आणि ती त्याला लागू पडली होती. तरीही पुढे त्याने ती सोडून दिली, कारण तशी फेक करताना आपण हास्यास्पद दिसतो असे त्याला वाटे. १९६७-६८ मध्ये त्याचे फ्री थ्रोमधील यश ३८ टक्क्यांवर आले होते. चेंबरलेनच्या विरोधकांना मी नेहमी सांगतो की, त्याच्यावर टीकाच करायची तर या निर्णयावर करा; तो हरला म्हणून नको.

आता रसेल. लुइझियाना राज्यात १९३४ मध्ये जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढलेला हा खेळाडू सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन आणि मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक गळ्यात घालून डिसेंबर १९५६ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सकडे आला. त्याआधी सेल्टिक्सने एकही विजेतेपद मिळवले नव्हते. रसेलच्या तेरा हंगामांत त्यांनी अकरा मिळवली, त्यांपैकी आठ ओळीने, १९५९ ते १९६६. शेवटच्या दोन विजेतेपदांच्या वेळी तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता आणि एनबीएच्या इतिहासातला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता. गुणांची त्याची कारकिर्दीतली सरासरी अवघी १५.१ आहे. हा आकडा वाचून आजचा एखादा तरुण विचारतो की, या माणसात एवढे काय होते?

त्याचे उत्तर असे की, रसेल जे करत होता ते मोजलेच जात नव्हते. प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि चेंडू हिसकावून घेणे, यांची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून सुरू केली, तेव्हा दोघेही निवृत्त झालेले होते. बरे, ब्लॉक मोजले असते तरी रसेलचे सगळे कसब त्यात मावले नसते. बहुतेक उंच खेळाडू फेक अडवताना चेंडू असा काही फटकावतात की तो थेट प्रेक्षकांत जातो. टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्याच हाती येतो. रसेल डाव्या हाताच्या बोटांनी चेंडूला हलकासा धक्का देत असे, जेणेकरून तो मैदानातच राहावा, शक्यतो आपल्याच सहकाऱ्याच्या किंवा स्वतःच्या हाती यावा आणि तिथूनच प्रतिहल्ला सुरू व्हावा. मग त्याचा सहकारी बॉब कूझी चेंडू घेऊन निघे आणि समोरचा संघ वळेपर्यंत दोन गुण झालेले असत. शिवाय रसेल दर वेळी उडी मारत नसे. तो उडेल या भीतीने घाईत चुकलेले नेम कोणत्या रकान्यात लिहायचे?

म्हणूनच मला १९६२ चे मतदान या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटते. ज्या हंगामात चेंबरलेनची सरासरी पन्नासाच्या वर होती, त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती बिल रसेलची. त्या काळी हा पुरस्कार खेळाडूंच्या मतांवर दिला जात असे. पत्रकारांनी निवडलेल्या हंगामाच्या सर्वोत्तम संघात मात्र सेंटरची जागा चेंबरलेनला मिळाली. ज्यांनी सामने बघून आणि आकडे वाचून मत दिले त्यांना एक जण थोर वाटला, आणि ज्यांना या दोघांच्या अंगावर धावून जाऊन बास्केट करायची होती त्यांना दुसरा. काही जण म्हणतात की चेंबरलेनच्या दबदब्याचा इतर खेळाडूंना मत्सर वाटत होता. असेलही थोडाफार, परंतु याच खेळाडूंनी १९६० मध्ये, तो नवखा असताना, त्याला हाच पुरस्कार दिला होता आणि १९६६, १९६७, १९६८ अशी सलग तीन वर्षे पुन्हा दिला.

माझे मत रसेलच्या बाजूने आहे हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आले असेल. पण त्याच्या बाजूने जो युक्तिवाद सर्रास केला जातो, अकरा अंगठ्या विरुद्ध दोन (विजेत्या संघाच्या खेळाडूंना अंगठी मिळते), तो मला अन्यायाचा वाटतो आणि त्यावर मी थोडे सविस्तर बोलणार आहे.

विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत हे दोघे आठ वेळा समोरासमोर आले आणि त्यांपैकी सात वेळा रसेलचा संघ जिंकला. सात-एक म्हटले की निकाल एकतर्फी वाटतो. पण त्या सातांपैकी चार मालिका सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यापर्यंत गेल्या. १९६२ मध्ये बॉस्टन १०९-१०७ असे जिंकले. शेवटच्या काही सेकंदांत चेंबरलेनने बरोबरी साधून दिली होती आणि त्याच्याच उंचावलेल्या हातावरून बॉस्टनच्या सॅम जोन्सने विजयी फेक केली. १९६५ मध्ये ११०-१०९, १९६८ मध्ये १००-९६ आणि १९६९ मध्ये १०८-१०६. दोन, एक, चार आणि दोन: चारही सामने मिळून फरक नऊ गुणांचा.

१९६५ चा तो सामना जवळून पाहण्यासारखा आहे. बॉस्टन गार्डनमध्ये पाच सेकंद उरलेली असताना चेंबरलेनने बास्केट करून फरक एका गुणावर आणला. आता रसेलला फक्त मैदानाबाहेरून चेंडू आत टाकायचा होता. त्याने फेकलेला चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेला लागला आणि नियमानुसार चेंडू फिलाडेल्फियाला मिळाला. इतका मोठा खेळाडू, इतकी साधी चूक, आणि आता एक बास्केट झाली की हंगाम संपणार. फिलाडेल्फियाच्या हॅल ग्रीअरने सहकारी चेट वॉकरकडे चेंडू टाकला, बॉस्टनच्या जॉन हॅवलिचेकने मध्ये हात घालून तो सॅम जोन्सकडे वळवला, आणि बॉस्टनचे समालोचक जॉनी मोस्ट यांनी ‘हॅवलिचेकने चेंडू पळवला’ असा जो टाहो फोडला, तो अमेरिकेतल्या क्रीडा समालोचनाच्या इतिहासात अमर झाला. चेंबरलेनने त्या सामन्यात ३० गुण आणि ३२ रिबाउंड मिळवले होते. हॅवलिचेकचा हात चार बोटे मागे राहिला असता, तर रसेलच्या अंगठ्या कदाचित दहा झाल्या असत्या आणि ती तार त्याच्या नावाला कायमची चिकटली असती. म्हणून रसेलचा चेंबरलेनहून वरचा क्रम मी हॅवलिचेकच्या हातावर ठरवू इच्छित नाही.

१९६८ ची गोष्ट मात्र निराळी आहे. फिलाडेल्फिया ३-१ ने पुढे असताना बॉस्टनने ओळीने तीन सामने जिंकले, आणि सातव्या सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात चेंबरलेनने बास्केटच्या दिशेने चेंडू अवघ्या दोनदा टाकला. सहकाऱ्यांनी चेंडू दिलाच नाही असे तो म्हणाला, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याने तो मागितलाही नाही. १९६९ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत होता. गुडघा दुखावल्यामुळे अखेरची काही मिनिटे असताना तो बाहेर गेला, पुन्हा खेळायची तयारी त्याने दाखवली, तरी प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला आत घेतले नाही. विजयानंतर सोडण्यासाठी छताला बांधलेले फुगे तसेच राहिले. तो रसेलचा अखेरचा सामना होता. त्यानंतर रसेलने चेंबरलेनच्या बाहेर जाण्यावर जाहीर टीका केली आणि दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद झाले. फिलाडेल्फियात सामना असला की चेंबरलेनच्या घरी जेवायला जाणारा मित्र असे बोलला, हे त्याला फार लागले. रसेलने पुढे माफी मागितली, आणि ती मागायलाच हवी होती.

मग मी रसेलला वर का ठेवतो? कारण चेंबरलेनचा संघ जेव्हा जेव्हा जिंकला, तेव्हा तो रसेलच्या रीतीने खेळत होता. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला गुण कमी करून चेंडू वाटायला लावले. त्याची सरासरी २४.१ वर उतरली, आणि फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने बॉस्टनला ४-१ असे हरवून बॉस्टनची आठ वर्षांची सलग मालिका तोडली व पुढे विजेतेपद मिळवले. पाच वर्षांनी लेकर्सचे प्रशिक्षकपद बिल शर्मन यांच्याकडे आले. शर्मन म्हणजे सेल्टिक्समधला रसेलचा जुना सहकारी, आणि त्यांच्या मदतीला के. सी. जोन्स, तोही रसेलचाच सहकारी. बास्केट राखणे, रिबाउंड घेणे आणि चेंडू चटकन पुढे देणे एवढेच करायला त्यांनी पस्तिशीच्या चेंबरलेनला सांगितले, आणि ज्याने एका सामन्यात शंभर गुण केले होते त्याने ते मान्य केले. माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा पराक्रम आहे. लेकर्सने त्या हंगामात ओळीने ३३ सामने जिंकले. तो विक्रम आजही अबाधित आहे. मनगट दुखावलेले असताना तो अंतिम मालिकेचा शेवटचा सामना खेळला, २४ गुण आणि २९ रिबाउंड मिळवले, आणि विजेतेपद लेकर्सकडे आले. १९७१-७२ च्या त्या हंगामात चेंबरलेनची गुणांची सरासरी १४.८ होती, म्हणजे रसेलच्या कारकिर्दीच्या सरासरीपेक्षाही किंचित कमी.

धन्यवाद.