रशियन हेलिकॉप्टरच का?

नमस्कार श्रोतेहो. ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि मग सुखोई तयार झाली, तेव्हा रशियन यंत्र नाशिकला परकं नाही. आज बोलूया एमआय-17 या हेलिकॉप्टरबद्दल. भारतानं 2008 च्या करारापासून त्याची व्ही-5 ही आवृत्ती 151 घेतली. अमेरिकी, युरोपी यंत्रं बाजारात असताना इतके देश हेच का घेतात?

किंमत कमी, हे खरंच आहे. पण इंजिनांच्या तोंडाशी बघा. तिथं अळंबीसारखे दोन घुमट दिसतात. ती धूळगाळणी. आत ओढलेल्या हवेला एकदम वळण घ्यावं लागतं. जड धूळकणांना ते जमत नाही, ते कडेला फेकले जातात आणि तिथूनच बाहेर काढले जातात. गाळणी नसेल तर वाळू कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांच्या कडा खाते आणि इंजिनाची ताकद उतरते. इंजिनाची झाकणं बाजूला उघडली की त्यांचाच माचा होतो, मेकॅनिक त्यावर उभा राहून काम करतो. छतावरचं छोटं टर्बाइन दाबाची हवा देऊन मोठी इंजिनं चालू करतं, म्हणून ती चालू करायला खाली वेगळी गाडी लावावी लागत नाही. रस्ता संपतो तिथं चार टन माल उतरवायचा असेल, तर या गोष्टींचं मोल कळतं.

त्याहून मोठं कारण म्हणजे हाताला बसलेली सवय. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक ज्या चीता-चेतक हेलिकॉप्टरांवर शिकतात, त्यांचा रोटर, म्हणजे डोक्यावरचा पंखा, वरून पाहिला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. एमआय-17 चाही तसाच. अमेरिकी यंत्राचा उलटा. ताकद वाढवताना यंत्र रोटरच्या उलट गरकन फिरू नये म्हणून इथं उजवं पेडल दाबायचं, तिथं डावं. हे पायात मुरलेलं असतं. अफगाण सैन्यासाठी खुद्द अमेरिकेनं एमआय-17 विकत घेतली, कारण तिथले वैमानिक आणि मेकॅनिक ती सोव्हिएत काळापासून ओळखत होते. पुढे अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं आली, तेव्हा देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या हाती गेली.

खरा खर्च नंतर येतो. इंजिन, गिअरबॉक्स यांना तासांची मर्यादा असते, तशीच वर्षांचीही. तास शिल्लक असले तरी वर्षं भरली की ओव्हरहॉल, म्हणजे भाग पूर्ण उघडून दुरुस्ती. कमी उडवणाऱ्या देशाला हे फार जड जातं. शिवाय रशियाकडून घेतलं म्हणून अमेरिकेच्या निर्बंधांची भीती: फिलिपिन्सनं 16 एमआय-17 चा करार 2022 मध्ये त्याच कारणानं सोडला.

सुट्या भागांचं दुखणं तर विचारूच नका. प्रत्येक मोठ्या भागाबरोबर त्याची नोंदवही येते: किती तास चालला, कधी उघडला, कोणी बसवला. पुरवठा आटला की भाग दलालांकडून येऊ लागतात. अशा वेळी भाग हातात घेण्याआधी वही उघडावी, भागावर ठोकलेला क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी जुळवावा. जुळला नाही, तर तो भाग कितीही नवा दिसो, बसवू नये.