बीज लॅबमध्ये आल्यावर

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, म्हणजे आयव्हीएफमध्ये, सोनोग्राफीत बारा फॉलिकल (अंडाशयातल्या बीज वाढणाऱ्या द्रवाच्या पिशव्या) दिसले की बारा बीजं मिळणार, असं बहुतेक जोडपी धरून चालतात. मग 'सातच मॅच्युअर निघाली' असं कळतं आणि बाई आधी स्वतःला बोल लावते. जिने चढले म्हणून झालं का, पपई खाल्ली म्हणून झालं का? नाही हो, तसं काही नसतं. काय होतं, ते लॅबच्या बाजूने सांगते.

बीजं पिकवणारं शेवटचं, म्हणजे ट्रिगरचं, इंजेक्शन दिल्यावर साधारण 34 ते 36 तासांनी बीजं काढतात. फॉलिकलमधला द्रव नळीतून आमच्याकडे आला की तो लगेच डिशमध्ये ओतून मायक्रोस्कोपखाली बघायचा. बीज त्यात सुटं नसतं. भोवती पेशींचा चिकट, पारदर्शक पुंजका असतो, भिजलेल्या सब्जासारखा. काही फॉलिकलमधून बीज हाती लागतच नाही. पहिली गळती इथे होते.

हे सगळं 37 अंशांवर ठेवलेल्या गरम पृष्ठभागावर चालतं. बीज गार पडलं तर आतल्या गुणसूत्रांना धरून ठेवणारे बारीक तंतू विस्कटतात आणि पुन्हा ऊब मिळाली तरी नीट जुळतीलच असं नाही. म्हणून आम्ही घाई करतो, पण डिशवरचं नाव दोघांनी वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

साध्या आयव्हीएफमध्ये हा पुंजका तसाच ठेवून शुक्रजंतू सोडतात. 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा इक्सी हे दुसरं तंत्र नव्हतंच. ते ब्रसेल्समधून 1992 मध्ये जगापुढे आलं. इक्सीत एकेका बीजात सुईने शुक्रजंतू सोडायचा असतो, त्यामुळे बीज आधी मोकळं करावं लागतं. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम पेशींमधला चिकटपणा सोडवतं. त्यात बीज जेमतेम अर्धा मिनिट ठेवायचं, जास्त वेळ ठेवलं तर त्यालाच इजा. लगेच स्वच्छ थेंबात घ्यायचं आणि बारीक पिपेटमधून हलकेच आतबाहेर करायचं. उरलेल्या पेशी गळून पडतात. बीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं, शेवटची पिपेट त्याहून किंचितच रुंद. दाब जास्त झाला तर बीज फुटतं. माझ्या मते लॅबमधलं सगळ्यात हळुवार काम हेच.

आता कुठे बीज उघडं दिसतं. कडेला इवलासा ध्रुवपिंड (पिकताना बीज बाहेर टाकतं तो गोळा) दिसला तर ते पिकलेलं, म्हणजे मॅच्युअर. नुसतं केंद्रक दिसलं, किंवा दोन्ही नाही, तर अजून कच्चं. इक्सीसाठी पिकलेलीच घेतो.

म्हणून डॉक्टरांना 'किती मिळाली' एवढंच विचारून थांबू नका. इक्सी असेल तर मॅच्युअर किती हे विचारा, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे 16 ते 18 तासांनी आम्ही दोन केंद्रकं (एक बीजाचं, एक शुक्रजंतूचं) दिसतात का ते तपासतो, त्यानंतर किती फलित झाली तेही. हे आकडे तुमचे आहेत. ते लेखी मागायला संकोच करू नका.