सोफ्याच्या हातावरचा पाण्याचा थेंब

(दृश्य: सोफ्याचा हात, अगदी जवळून. पाण्याचा एक थेंब पडतो.)

हा थेंब बघा. पडला, गोल झाला आणि तसाच बसून राहिला.

आता हा दुसरा सोफा. इथे थेंब पडला आणि बघता बघता मुरला, खाली गडद डाग उमटला. दोन्ही अस्सल चामडंच. पण पहिल्यावर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा पातळ थर आहे. दुसरं रंगवून जवळपास तसंच उघडं ठेवलंय. त्याला अ‍ॅनिलिन लेदर म्हणतात. फडकं हातात घेण्याआधी आपला सोफा यातला कोणता, एवढं तरी माहीत हवं. पाणी पिणारं चामडं चहा आणि शाईही तितक्याच चटकन पितं.

(दृश्य: डोकं टेकायची जागा. काळसर, तुकतुकीत पट्टा.)

इथे जरा थांबूया, कारण बहुतेक सोफे इथूनच खराब होतात. हा पट्टा धुळीचा वाटतो, पण ते आहे केसांचं तेल आणि मानेचा घाम, वर्षानुवर्षं साठलेला. ते तेल वरच्या लेपात शिरतं, लेप मऊ पडतो, चिकट होतो आणि शेवटी त्याचे पोपडे सुटतात. घरातली माणसं म्हणतात, ‘लेदर कोरडं पडलंय,’ आणि वर आणखी तेल चोळतात. मला हे बघवत नाही. जे तेल आधी काढायला हवं होतं, त्यातच भर! शिवाय स्वयंपाकघरातलं तेल काही दिवसांनी खवट होतं आणि त्यावर धूळ बसते ती वेगळीच.

साबणाचंही तसंच. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, पीएच साधारण 4 ते 5. साबणाची वडी क्षारधर्मी, 9 ते 10. त्यामुळे वारंवार साबण लावला की चामडं कडक होत जातं. ओले वाइप्स, सॅनिटायझर, काचा पुसायचा स्प्रे यांनी लेपच झिजतो. शाईचा डाग नेलपॉलिश रिमूव्हरने घालवायला गेलात, तर शाईबरोबर सोफ्याचा रंगही जाईल. अशा वेळी हात आवरा आणि जाणकाराला बोलवा.

(दृश्य: व्हॅक्यूमचा मऊ ब्रश शिवणीवरून फिरतो.)

आधी कोरडी धूळ. शिवणीतले कण राहिले तर पुसताना तेच सँडपेपरसारखे घासतात. मग चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर, तो सोफ्यावर न ओतता फडक्यावर घ्यायचा. पहिला हात गादीखाली, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात. तो सुकू द्या. रंग फडक्यावर आला नाही, तरच पुढे. फडकं पांढरंच घ्या, म्हणजे किती मळ निघतोय ते दिसतं.

काही सांडलं तर घासू नका, टिपा. अ‍ॅनिलिनवर पाण्याचा डाग पडला, तर नुसता डाग पुसल्यास त्याची कड कायम राहते. म्हणून एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा भाग ओलसर फडक्याने सारखा पुसायचा. स्वेड आणि नुबक या मखमली लव असलेल्या चामड्यांना मात्र कोरडा ब्रशच, पाणी नाही.

चामडं मऊ ठेवणारं कंडिशनर वर्षातून एकदा-दोनदा, तेही स्वच्छ चामड्यावर आणि थोडंसंच. कृत्रिम लेदरचे पापुद्रे निघत असतील, तर कुठल्याच क्रीमने ते परत चिकटत नाहीत.

सोफा उन्हाच्या तिरिपेत किंवा हीटरला खेटून नको. उन्हाने रंग विटतो, उष्णतेने चामडं आखडतं. दमट हवेत भिंतीपासून थोडा पुढे ओढा, मागे वारा खेळला की बुरशीला जागा उरत नाही.

(दृश्य: फडक्यावर पिवळसर-तपकिरी मळ. मागे पुसलेला सोफा.)

आता हेअर ड्रायर नको आणि ऊनही नको. पंख्याखाली आपोआप सुकू द्या. आणि हाताला गार, ओलसर लागणं थांबेपर्यंत कुणालाही त्यावर बसू देऊ नका.