विहिरीतला चोर

(पहाट. पन्हाळ्याच्या पायथ्याची दगडी विहीर. पाण्यावर बॅटरीचा उजेड.)

दोन दिवस मोटार बंद आहे. तरी काल संध्याकाळी पाण्याला टेकवून चिऱ्यावर ओढलेली खडूची रेघ आता पाण्याखाली गेलीय. दुपारपर्यंत ती पुन्हा उघडी पडेल. फरक बोटभरच, पण मालक हसतात. "दिसा कोणतरी पितंय बगा."

पिणारे बांधावर ओळीनं उभे आहेत. निलगिरी. उन्हात पानं बाष्प सोडतात, तेव्हा मुळं खालचं पाणी ओढतात. रात्री पानांची रंध्रं मिटली की ओढ थांबते आणि झरे विहिरीचा तोटा भरून काढतात. या चढउतारावरून झाडांनी किती पाणी प्यालं हे काढायची रीत वॉल्टर व्हाइट यांनी अमेरिकेतल्या यूटा राज्यात बसवली, १९३२ मध्ये ती छापून आली. मालकांनी ती खडूवर भागवलीय.

मग झाडं तोडा की! कागल ओलांडून पुढं गेलं की कर्नाटक लागतं. तिथं २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीच आली.

(कुऱ्हाडीचा आवाज. मग बुडखा, जवळून.)

हा बुडखा मागल्या दिवाळीतला. भोवती नऊ फुटवे मोजले आम्ही. कोवळी, रुंद पानं, चुरगाळली की तोच डोक्यात जाणारा वास. खालचं मूळ जुनंच, त्यामुळे पोरं भराभर वाढतात. जेसीबी लावून उपटावं, तर ओढ्याची दरड सोबत येते.

पाणी वाचवायला झाडं काढण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथं आशियातून गेलेला झाऊ नदीकाठ व्यापून बसला होता. ॲरिझोनातल्या हिला नदीच्या एका पट्ट्यात तो काढल्यावर हवेत उडून जाणारं पाणी वर्षाला सरासरी ४८० मिलिमीटरनं घटलं. आकडा भारी. पण तो उघड्या जमिनीचा. तिथं गवत उगवलं की बचतीला गळती लागते. न्यू मेक्सिकोतल्या पेकोस नदीकाठी सुमारे ८,७०० हेक्टरवरचा झाऊ काढला, तरी नदीचं पाणी वाढल्याचं मोजमापात दिसलं नाही. वर पंचाईत अशी, की माशीमार जातीचा एक दुर्मीळ पक्षी त्याच झाऊत घरटी करू लागला होता. झाऊ खाणारे भुंगेरे सोडण्याचा सरकारी कार्यक्रम २०१० मध्ये थांबला, तो या पक्ष्यापायी.

आमचं मत विचाराल, तर झाड पाणी पितं हे खरं. पण ते काढल्यावर तेवढंच पाणी हातात येतं, हा हिशेब कच्चा आहे. ऊन तेच राहतं. शेजारच्या विहिरीवरची मोटारही तीच.

(दुपार. मालक चिऱ्यावर नवी रेघ ओढतात.)

यंदा सगळी निलगिरी मुळासकट काढायचं त्यांनी ठरवलंय. मोकळ्या होणाऱ्या त्या पट्ट्यात काय लावणार, असं आम्ही विचारलं.

"आता ह्ये काय इचारनं झालं? ऊसच की!"