घळीची राखण

सांदण म्हटलं की कोकणातल्या मंडळींना फणसाच्या रसातली वाफवलेली सांदणं आठवतात. समोर दोघातिघांच्या चेहऱ्यावर ती दिसतायतच मला. आजची सांदण मात्र दगडाची आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी साम्रद गाव आहे. गावाबाहेर थोडं चाललं की पायाखालची जमीन फाटते. दोन-तीनशे फुटांच्या कातळभिंती आणि मधे काही ठिकाणी चार माणसंसुद्धा शेजारी शेजारी उभी राहणार नाहीत एवढीच जागा. अशी ही सांदण घळ दोनेक किलोमीटर जाते आणि कोकणात उघडते. हा सगळा दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कुठेतरी दुबळी भेग सापडली आणि पाणी तिला धरून बसलं. अजून सोडलेलं नाही.

साम्रदला पाऊस कुठल्या उतारावर पडतो त्यावर त्याचं पुढचं ठरतं. पूर्वेकडे वळला तर प्रवरेतून भंडारदऱ्याला, मग गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. घळीत शिरला तर खाली कोकणातल्या डेहणे गावाच्या अंगाला उतरून अरबी समुद्राला. इथे फिरायला आणलेल्या मुलांना मी हे आधी दाखवतो, कारण कचऱ्याचं गणित त्यातच आहे. घळीत झाडूवाला येत नाही. वाराही फारसं काही उडवून नेत नाही. नोव्हेंबरात टाकलेली पिशवी जूनपर्यंत तिथेच पडून असते आणि मग एका लोंढ्यात खालच्या गावांच्या ओढ्याला जाते.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच भटकंतीच्या गटाने एकदा ८५ जण नेले होते. पहिल्या दोन पाणवठ्यांतून सगळे गेले, म्हणजे पाणी ८५ वेळा ढवळलं. परतताना बघितलं तर त्यावर क्रीमचा तवंग. कडेच्या दगडाखाली एक खेकडा होता, आमची वर्दळ थांबेपर्यंत बाहेर आला नाही बिचारा. त्यानंतर आम्ही पंधराच्या वर माणसं नेत नाही. पैसे कमी सुटतात, सुटू देत.

गावाचा पैसा मात्र बुडता कामा नये. इथली बहुतेक घरं महादेव कोळ्यांची. भातशेती एका पिकाची, त्यावर वर्ष निघत नाही. पिठलं-भाकरी, तंबू आणि वाटाड्या म्हणून मिळणारा रोज यांवर आता बरीच घरं चालतात. ‘पर्यटन बंद करा’ हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे. मला राखण हा शब्द आवडतो. माळ्यावर बसून शेत राखणारा माणूस शेताला कुलूप लावत नाही. डुक्कर कुठल्या बांधावरून येतं, कधी येतं, हे त्याला ठाऊक असतं. घळीची राखणही तशीच, माहितीवर चालते.

आता काजव्यांचंच बघा. मेअखेरीला भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लगडतात आणि गाड्यांची रांग लागते. काजवा वर्षातला बहुतेक काळ अळी असतो, ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खाऊन जगतो. पंखवाला काजवा जेमतेम काही आठवडे. त्याची उघडझाप म्हणजे मादीला घातलेली साद. तिच्यावर आपण हेडलाइट मारतो, आणि झाडाखाली फोटोसाठी उभे राहून मादीची अंडी घालायची जागा तुडवतो. हे अभयारण्य आहे बरं का, १९८६ पासून, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. गाडी लांब लावा, दिवे मालवा, पायवाट सोडू नका. एवढं केलं तरी चालेल.

एक प्रसंग सांगतो. शाळेची मुलं होती, सोबत गावातले एक मामा. मामांनी भिंतीवर वर बोट दाखवलं. दोन पुरुष उंचीवर कपारीत वाळक्या गवताची पेंढी अडकलेली. “एवढ्या वर गवत कुणी ठेवलं?” मुलं म्हणाली माकडांनी, पक्ष्यांनी. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “पाणी तिथपर्यंत आलं होतं?” मामा नुसते हसले. पावसाळ्यात आत का जायचं नाही, हे मला नंतर सांगावं लागलं नाही.

त्या पेंढीतच बिस्किटाचा एक नारिंगी पुडा होता. मामा मान वर करून म्हणाले, “हा आमचा नव्हं. आमच्या दुकानात असला मिळतच न्हाई.” हात पोचेना, काठीही पोचेना.

पुढच्या हिवाळ्यात ती मुलगी पुन्हा आली आणि आधी त्या भिंतीपाशी गेली. जुनी पेंढी वाहून गेली होती, नवी हातभर खाली अडकली होती. पुडा दिसेना. तो तिला खालच्या टप्प्यावर सापडला, एका धोंड्याखाली. तोच होता असं मी छातीठोक सांगणार नाही, पण रंग तोच होता. तिने तो धुतला, दप्तरात टाकला आणि मामांना नेऊन दाखवला.